प्रवरेकाठची गारगोटी

श्रीरामपूर तालुक्यातून प्रवरा वाहते. तिच्या वाळूत कधी मेणासारखी तुकतुकीत, उजेडापुढे धरताच कडांतून प्रकाश झिरपू देणारी गारगोटी सापडते. ती कॅल्सेडनी असेल काय? चाकूने ओरखडून पाहावे. कॅल्साइटवर चटकन ओरखडा उठतो; कॅल्सेडनीपुढे मात्र चाकू हरतो आणि उलट तीच काचेवर रेघ ओढते. अंगावर रंगांचे पट्टे असल्यास तिला अकीक म्हणतात. काळ्या खडकाच्या पोकळीत सिलिका थरावर थर साचून हे पट्टे होतात.

ती फुटली म्हणजे शिंपल्यासारखी वक्र फुटते व कडा धारदार निघतात. प्रवरेकाठीच नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांनी उत्खनन केले, तेव्हा ताम्रपाषाणयुगातील कॅल्सेडनीची पाती सापडली. लोखंड ठाऊक नसलेल्या त्या माणसांची सुरी हीच!