मे महिन्यात कळसूबाई? हो, पण पहाटे चारला!

मेमध्ये ट्रेकला चाललोय म्हटलं की ऑफिसात दोनच रिअ‍ॅक्शन मिळतात. ‘वेड लागलंय का?’ आणि ‘त्यापेक्षा महाबळेश्वरला का नाही जात?’ याच मंडळींना जुलै उजाडला की सह्याद्रीची आठवण येते. मग कळसूबाईच्या शिड्यांवर दादरच्या पुलासारखी गर्दी होते. आणि एवढं चढून वर दिसतं काय? ढग! फोटोत तुम्ही, तुमचा रेनकोट आणि मागे पांढरा पडदा. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर गाठायचं आणि आजूबाजूचा एक डोंगर दिसायचा नाही, यात काय मजा?

म्हणून मी उन्हाळ्याच्या पार्टीतला. अट एकच. ऊन तापायच्या आत सगळा कार्यक्रम उरकायचा.

कळसूबाईची उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. पायथ्याच्या बारी गावातून जवळजवळ ९०० मीटरचा चढ आहे. लिफ्ट बंद पडलेली तीनशे मजली बिल्डिंग समजा! आम्ही पाच जण पहाटे चारला टॉर्च घेऊन निघालो. आधी शेतांमधली वाट, मग छातीवर येणारा चढ आणि मग त्या फेमस लोखंडी शिड्या. अंधारात चढण्याचा एक मोठा फायदा म्हणजे अजून किती उरलंय ते दिसत नाही.

दम खायला थांबलं की कळसूची गोष्ट हमखास निघते. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. झाडलोट करणार नाही आणि भांडी घासणार नाही, ही तिची आधीच सांगितलेली अट. पुढे मालकाने नेमकं तेच काम सांगितलं. तिने सरळ डोंगराची वाट धरली आणि तिथेच राहिली. जॉब डिस्क्रिप्शनच्या बाहेरचं काम गळ्यात पडलं म्हणून राजीनामा देणारी ही आपली देवी! नवरात्रात वर तिची जत्रा भरते.

सातच्या आत आम्ही देवळापाशी होतो. आणि तो नजारा! पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे त्रिकूट. दक्षिणेला भंडारदऱ्याचा जलाशय. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ सालचं. मेमध्ये पाणी खाली गेल्यामुळे काठाला तांबड्या मातीची रुंद पट्टी दिसते. त्यापलीकडे रतनगड आणि मागे हरिश्चंद्रगड. पूर्वेला बितनगड आणि पट्टा. खालच्यापेक्षा वर पाचेक अंश कमीच तापमान, त्यात वारा. एकीने चक्क विंडचीटर काढला. नऊ वाजले की हवा धुरकट होते आणि एकेक डोंगर पुसट होत जातो. तोपर्यंत आम्ही उतरायला लागलो होतो.

खरा उन्हाळा भेटला तो उतरताना. पावणेदहाला शिडीचं रेलिंग हाताला चटका देत होतं. काळा कातळ तापलेला, सावलीचं नाव नाही. तिथेच वर चढणारा सहा जणांचा ग्रुप भेटला. सगळ्यांत मिळून दोन बाटल्या पाणी, त्यातली एक संपलेली. एक मुलगा डोकं धरून बसलेला. दोनदा उलटी झालेली, उभं राहिलं की चक्कर. बाकीच्यांचं चाललेलं, ‘टॉप तर समोरच दिसतंय, अर्धा तास फक्त!’

आम्ही त्याला लिंबू सरबत विकणाऱ्या मावशींच्या ताडपत्रीखाली नेलं. मानेवर ओला रुमाल ठेवला, घोट घोट ओआरएस दिलं. तरी ग्रुपमधला एक जण घड्याळ बघत होता. शेवटी मावशीच कडाडल्या, ‘डोंगर काय पळून चाललाय का? पोराला घेऊन खाली जा आधी!’ मग सहाच्या सहा जण आमच्याबरोबर उतरले. अकराच्या सुमारास बारीत पोचेपर्यंत तो मुलगा नीट बोलायला लागला होता. एक जण मात्र शेवटपर्यंत घुश्शात! तसंच वर गेले असते तर ऐन दुपारी त्याच शिड्यांवरून त्या मुलाला उतरवायचं कसं, याचा विचार त्याने केला नव्हता.

भर उन्हात चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही शरीराची वॉर्निंग आहे. तिथेच थांबायचं, गार व्हायचं आणि परत फिरायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ती इमर्जन्सी. सरळ डॉक्टर गाठायचा.

आणि पाण्याचं एक लक्षात असू द्या. या पट्ट्यात पाऊस धो धो पडतो, पण तो कातळावरून वाहून जातो. उन्हाळ्यात इथल्या बायकांना हंड्यासाठी पायपीट करावी लागते. मावशींनी रुमाल भिजवायला दिलेलं पाणीसुद्धा खालून डोक्यावर आणलेलं होतं. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, सरबताचे मात्र मोजून घेतले.

कसं जाल? मुंबईहून ट्रेनने कसारा किंवा इगतपुरी, पुढे घोटीमार्गे बारी. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूरमार्गे. आदल्या रात्री बारीतच मुक्काम करा, गावात घरगुती जेवणाची आणि राहण्याची सोय होते. माणशी तीन-चार लिटर पाणी, ओआरएस, टोपी, टॉर्च घ्या. आठपर्यंत वर पोचला नाहीत तर जिथे असाल तिथून मागे फिरा. येताना द्रोणातली करवंदं मात्र सोडू नका. आणि मेचा शेवटचा आठवडा गाठलात तर भंडारदऱ्याच्या झाडांवर काजवेही दिसतील. ते बघायला तर ऊन उतरल्यावरच जायचं असतं!