जेवणापूर्वी किराइताचा काढा

पावसाळी दमट हवेत भूक मंदावली म्हणजे किराइताचा काढा घेण्याची चाल कोकणात जुनी आहे. गव्हाण व पनवेलच्या खाडीकाठच्या शेतकऱ्यांनी ही वनस्पती परसात अवश्य लावावी. दुकानातील काडेचिराईत निराळे. ते हिमालयाच्या बाजूचे. आपले ते पालेकिराईत.

मेअखेर बी टाकून पाऊस लागताच रोपे फुटाफुटावर लावावीत. पाणी साचणारी जागा टाळावी. पावसाळ्याअखेर फुलोरा दिसू लागताच झाडे कापावीत, कारण त्या सुमारास पाल्यातील कडू द्रव्य भरपूर असते. जुड्या वाऱ्याशीर सावलीत वाळवाव्यात. कडक उन्हात पाल्याचा कस उतरतो, ओलसर राहिल्यास बुरशी धरते. बुरसलेला पाला टाकूनच द्यावा.

सुमारे १ ग्रॅम, म्हणजे चिमूटभर, पाला कपभर उकळत्या पाण्यात १० मिनिटे झाकून ठेवावा व गाळून जेवणापूर्वी अर्धा तास घ्यावा. गूळ घालून कडूपणा मारू नये. जिभेला कडू लागताच लाळ व जठररस सुटू लागतो, गुण त्यातच आहे. (मुले मात्र कुरकुरणारच!) गर्भवती स्त्रियांनी हा काढा घेऊ नये, मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी प्रथम डॉक्टरांस विचारावे.

थंडी वाजून ताप आल्यास काढ्यावर दिवस घालवू नयेत. तो हिवताप असू शकतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.