ओढ्यांतील व बागेंतील इवले शेजारी



सिंह, हत्ती, मोर यांचीं वर्णनें आपण पुस्तकांत आवडीनें वाचतों, आणि ते प्रत्यक्ष पाहावयास मिळावे म्हणून दूरच्या प्राणिसंग्रहालयापर्यंत जावयासही तयार असतों. परंतु गांवाजवळच्या ओढ्यांत आणि घरामागील फुलझाडांच्या आळ्यांत जी सृष्टि रात्रंदिवस नांदत असते, तिच्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. या सृष्टींतील बहुतेक रहिवाशांस पाठीचा कणा नसतो. म्हणून त्यांस अपृष्ठवंश प्राणी असें म्हणतात. ज्ञात असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक जाती या वर्गांत मोडतात. म्हणजे कणा असलेले आपण सारे अल्पसंख्यच ठरतों! हे इवले शेजारी कसे शोधावे, कसे ओळखावे, आणि त्यांच्या ओळखीनें आपला कोणता लाभ होतो, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

यासाठीं फारसा खर्च येत नाहीं. एक पांढरी पसरट बशी, तारेच्या कड्यावर शिवलेली जुन्या मलमलीची पिशवी, चित्रें रंगविण्याचा मऊ कुंचला, एक लहानसें भिंग आणि एक वही एवढें साहित्य पुरे. पावसाळ्यांत ओढ्यास अकस्मात् लोंढा येतो. म्हणून दिवाळीनंतर, पाणी निवळल्यावर जावें, आणि एकट्यानें कधींही जाऊं नये. वाहत्या, घोट्याइतक्या पाण्यांतील एखादा दगड निवडावा. त्याच्या खालच्या अंगास पिशवी धरावी, दगड हळूच उचलावा, व त्याची खालची बाजू कुंचल्यानें पिशवींत झाडावी. मग पिशवी पाणी भरलेल्या बशींत उलटी करून पांच मिनिटें स्वस्थ बसावें. प्रथम केवळ वाळू व कचरा दिसतो. थोड्या वेळानें तोच कचरा चालूं लागतो!

आतां ओळख पटवावयाची कशी? नांवांच्या मागें लागण्यापूर्वीं पाय मोजावे. सहा पाय असल्यास तो बहुधा कीटकवर्गांतील. आठ असल्यास कोळी, विंचू व गोचीड यांच्या कुळांतील. मृगाच्या पहिल्या सरींनंतर मातींत जो लाल मखमलीसारखा किडा फिरतो, त्यास आपण किडा म्हणतों खरें, पण त्याचे पाय मोजा. ते आठ भरतील, आणि तो कीटक नव्हे हें आपोआप सिद्ध होईल. कुंडीखालीं राहणारा, स्पर्श करतांच गोळी होणारा राखी रंगाचा लहान प्राणी चौदा पायांचा असतो. तो खेकड्याच्या व कोळंबीच्या गोतांतला होय. पाय याहून अधिक असल्यास शरीराचा एकेक खंड पाहावा. खंडास पायांची एकच जोडी असेल तर ती गोम. बहुतेक खंडांस दोन दोन जोड्या असतील तर तो पैसा नांवाचा निरुपद्रवी प्राणी. गोम विषारी दंश करते, म्हणून तिला हात लावूं नये. ज्यास पायच नाहींत त्याचें शरीर खंडयुक्त आहे, जसें गांडुळाचें. कीं मऊ व शंखांत राहणारें आहे, जसें गोगलगाईचें, तें पाहावें.

ओढ्यांतील कीटकांपैकीं पुष्कळ हे पंख असलेल्या उडत्या कीटकांचीं बालरूपें असतात. चतुर हवेंत उडतो, पण त्याचें बाळपण पाण्यांत जातें. खालचा ओठ एकाएकीं पुढें फेंकून तें बाळ भक्ष्य पकडतें. शेपटीस बहुधा तीन तंतु आणि पोटाच्या दोन्ही अंगांस हालणारे पिसांसारखे कल्ले असलेली एक अळी दगडांस चिकटलेली आढळते. पंख फुटल्यावर ही कांहीं घटका, फार तर थोडे दिवस जगते; त्या अवस्थेंत ती कांहींच खात नाहीं. तिसरी एक अळी आपल्याच तोंडांतून निघणाऱ्या रेशमानें वाळूचे कण व पानांचे तुकडे जोडून स्वतःभोंवतीं नळीसारखें घर बांधते व तें बरोबर ओढीत नेते. एवढा गवंडी आपल्या पायांखालीं राबत असतां आपण त्यास कचरा समजून ओलांडून जातों!

हा केवळ कौतुकाचा विषय नव्हे. गेल्या हिवाळ्यांत आमच्या कांहीं विद्यार्थ्यांनीं एकाच ओढ्याच्या दोन ठिकाणचें पाणी तपासलें: एक वस्तीच्या वर, दुसरें वस्तीच्या खालीं. वरच्या बशींत तीन तंतूंची अळी व नळीघर बांधणारी अळी दोन्ही मिळाल्या. खालच्या बशींत त्यांचा मागमूस नव्हता. तेथें तांबड्या रंगाच्या बारीक अळ्या तेवढ्या वळवळत होत्या. याचें कारण असें. पहिल्या दोन अळ्यांस प्राणवायूनें भरलेलें स्वच्छ पाणी लागतें. सांडपाणी मिसळलें कीं तें कुजतांना पाण्यांतील प्राणवायु खर्च होतो, आणि या अळ्या नाहींशा होतात. तांबड्या अळ्यांच्या अंगांत मात्र आपल्या रक्तांतील लाल द्रव्यासारखेंच द्रव्य असतें; त्याच्या बळावर त्या थोड्या प्राणवायूवरही निभावतात. दोन्ही ठिकाणचें पाणी डोळ्यांस सारखेंच नितळ दिसत होतें. साक्ष दिली ती या मुक्या प्राण्यांनीं. एका विद्यार्थ्यानें विचारलें, “खालच्या बाजूस तर आमच्या घरचीं भांडीं घासतात, मग आतां काय करावें?” बशीजवळ उभ्या असलेल्या कोणासही चटकन् उत्तर देतां आलें नाहीं. पालकहो, या प्रश्नाचें उत्तर एकट्या मुलांनीं द्यावयाचें नाहीं.

अशा ज्ञानानें मनुष्याचें केवढें दुःख टळतें, त्याचें उदाहरण आपल्याच देशांत आहे. पायऱ्यांच्या विहिरींत व तळ्यांत एक मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, एकाच डोळ्याचा सायक्लॉप्स नांवाचा प्राणी पोहत असतो. मादीच्या शेपटीजवळ अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबत असतात, त्यांवरून ती ओळखतां येते. नारू हा रोग याच्याच द्वारें पसरतो, असें फेडचेन्को नांवाच्या रशियन शास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास शोधून काढलें. नारूचीं पिलें पोटांत असलेला सायक्लॉप्स पाण्याबरोबर गिळला गेला, म्हणजे सुमारें एका वर्षानें हातभर किंवा त्याहूनही लांब कृमि बहुधा रोग्याच्या पायांतून बाहेर पडूं लागतो. रोगी पाय घेऊन पाण्यांत उतरला कीं कृमि पुन्हां पिलें सोडतो, आणि चक्र चालू राहतें. महाराष्ट्रांतील अनेक खेड्यांनीं हा त्रास पिढ्यान् पिढ्या सोसला. या रोगावर लस नाहीं; परंतु सायक्लॉप्सची रीत कळल्यामुळें उपाय सांपडला. पाणी दाट कापडांतून गाळावें, रोग्यास पाण्यांत उतरूं देऊं नये, आणि पायऱ्यांच्या विहिरींऐवजीं सुरक्षित पाण्याची सोय करावी. भारतांतील शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला, व २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपला देश नारूमुक्त झाल्याचें मान्य केलें.

नवें कांहीं सांपडावयाचें उरलें नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. मालवण येथें १८८४ सालीं जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत जीवशास्त्र शिकवीत असत, आणि सह्याद्रींत पायीं भटकण्याचा त्यांस नाद होता. जेलीफिश म्हटला कीं आपणांस समुद्र आठवतो. परंतु आघारकरांस सह्याद्रींतील नद्यांच्या गोड्या पाण्यांत इवलासा जेलीफिश आढळला! १९११ च्या सुमारास हा शोध प्रसिद्ध झाला, व प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनन्डेल यांनीं त्या प्राण्यास शास्त्रीय नांव दिलें. याच आघारकरांनीं पुढें १९४६ सालीं पुण्यांत महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला. तिची संशोधनशाळा आज त्यांच्या नांवानें चालते. त्यांच्या शोधाच्या मुळाशीं होती ती सावकाश पाहणारी दृष्टि. आणि ती बाजारांत विकत मिळत नाहीं.

शेवटीं एक विनंति. दगड जसा होता तसाच उलटा ठेवावा, कारण तें कोणाचें तरी छप्पर असतें. बशींतील प्राणी चित्र काढून झाल्यावर जेथून घेतले तेथेंच सोडावे. वहींत तारीख, जागा, पायांची संख्या व आकृति नोंदावी. नांव ठाऊक नसल्यास जागा कोरी ठेवावी, पण खोटें नांव लिहूं नये. पुढील वर्षीं त्याच दिवशीं, त्याच दगडाशीं पुन्हां जावें व दोन्ही पानें शेजारीं ठेवून पाहावीं. आपला ओढा सुधारत आहे कीं बिघडत आहे, हें तीं पानें आपणांस सांगतील.