दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन रणगाडे व त्यांचे दोष

दुसऱ्या महायुद्धांतील (१९३९–१९४५) जर्मन रणगाड्यांविषयीं आमच्या विद्यार्थ्यांत मोठें कुतूहल आहे. वह्यांच्या शेवटच्या पानांवर 'टायगर' व 'पँथर' ह्यांचीं चित्रें काढलेलीं आम्हांस वारंवार आढळतात, आणि त्या चित्रांतील तोफ बहुधा गाड्याहूनही लांब असते. जर्मन रणगाडा म्हणजे जगांतील सर्वांत उत्तम रणगाडा, आणि तो हरला तो केवळ शत्रूची संख्या अधिक म्हणून, असा पुष्कळांचा समज दिसतो. हा समज अगदींच खोटा आहे असें नव्हे. परंतु शत्रूच्या गोळ्याला जो गाडा दाद देत नसे, तो अनेकदां स्वतःच्याच एखाद्या मोडक्या दंतचक्रामुळें रस्त्याच्या कडेला उभा राहिला, ही गोष्ट चित्रांत दिसत नाहीं. ती कशी घडली हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम जें चांगलें होतें तें सांगितलें पाहिजे. टायगर रणगाडा १९४२ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस लेनिनग्राडच्या आघाडीवर प्रथम उतरला. त्याची ८८ मिलिमीटरची तोफ मैलभर अंतरावरून त्या वेळच्या बहुतेक रणगाड्यांचें चिलखत भेदीत असे. त्याच्या पुढील बाजूचें पोलाद १०० मिलिमीटर, म्हणजे सुमारें चार इंच जाड होतें. आंत बसलेल्या पांच माणसांचे प्राण ह्या जाडीनें कितीदां तरी वांचविले. पण पोलादाला वजन असतें. टायगरचें वजन ५७ टन भरलें. एका मोठ्या हत्तीचें वजन पांच टन धरलें तर अकरा हत्तींहून अधिक भार झाला. हा सारा भार वाहावयाचा कोणी? बारा सिलिंडरांच्या एका पेट्रोल इंजिनानें, कांहीं दंतचक्रांनीं, आणि दोन पोलादी पट्ट्यांनीं. पुढें जे दोष उघड झाले त्यांपैकीं बहुतेकांचें मूळ ह्या एका हिशेबांत आहे. लेनिनग्राडजवळच्या त्या पहिल्याच मोहिमेंत टायगर दलदलींत रुतले, आणि जानेवारी १९४३ मध्यें एक गाडा रशियनांच्या हातीं सांपडून त्यांना त्याची सावकाश तपासणी करतां आली.

आतां चाकांकडे वळूं. आमच्याकडील गाडीवानाला हें ठाऊक असतें कीं, चाकाची धांव जितकी रुंद तितकें चाक चिखलांत कमी रुतें. भार जेवढ्या अधिक जागेवर पसरेल तेवढें बरें. जर्मन इंजिनियरांनीं हेंच तत्त्व धरून टायगरच्या प्रत्येक बाजूस आठ आंस बसविले आणि प्रत्येक आंसावर तीन चाकें, अशीं एका बाजूस चोवीस चाकें घातलीं. एवढीं चाकें एका रांगेंत मावणार कशीं? दोन्ही हातांचीं बोटें एकमेकांत गुंतवावीं त्याप्रमाणें एका आंसाचीं चाकें शेजारच्या आंसाच्या चाकांमध्यें शिरविलीं. ह्यामुळें भार पट्ट्यावर सारखा पडे, गाडा कमी हिंदकळे, आणि नेम धरावयास बरें पडे. कागदावर ही युक्ति सुंदर होती. परंतु सुरुंग फुटून अगदीं आंतल्या रांगेचें चाक निकामी झालें म्हणजे तें काढण्याकरितां बाहेरचीं कित्येक चांगलीं चाकें आधीं उतरावीं लागत. एकेका चाकाचें ओझें, खालीं चिखल, वर शत्रूचे तोफगोळे, आणि हातांत पाना: ह्या स्थितींतील त्या शिपायांची कल्पना वाचकांनींच करावी. शिवाय रशियाच्या हिंवाळ्यांत चाकांच्या फटींत बसलेला चिखल व बर्फ रात्रीं गोठून दगडासारखा होई, आणि सकाळीं गाडा जागचा हलेना. अहमदनगर (आतांचें अहिल्यानगर) येथील रणगाड्यांच्या संग्रहालयांत जे विद्यार्थी जातील त्यांनीं तेथील सेंच्युरियन व पॅटन ह्यांचीं चाकें मुद्दाम पाहावीं. तीं एकमेकांत गुंतविलेलीं नाहींत. युद्धानंतर इतर देशांत ही युक्ति रूढ झाली नाहीं.

रेल्वेनें नेतांनाही पंचाईत होती. टायगरचा लढाईचा पट्टा ७२५ मिलिमीटर रुंद होता आणि तो घालून गाडा रेल्वेच्या वाघिणीवर ठेविल्यास दोन्ही बाजूंस बाहेर येई. म्हणून प्रत्येक प्रवासापूर्वीं तो पट्टा काढून ५२० मिलिमीटरचा अरुंद पट्टा चढवावयाचा, बाहेरचीं चाकें उतरून ठेवावयाचीं, आणि उतरल्यावर पुन्हां सारें उलट करावयाचें. पुलांचें तर विचारूंच नये. पुष्कळ पुलांना हा भार सोसत नसल्यामुळें पहिल्या ४९५ टायगरांना पाण्याखालून नदी ओलांडण्याचें साहित्य बसविलेलें होतें. तें फार महाग पडतें असें दिसून आल्यावर बंद केलें. गाडा बंद पडला तर ओढून नेण्यास १८ टनी ओढगाड्या लागत, त्या एकीला एक जोडून बहुधा तीन. आणि त्या वेळेवर न मिळाल्यास शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून शिपाई आपल्याच गाड्याला सुरुंग लावून पायीं परत येत.

पँथरची हकीकत ह्याहूनही विचार करण्याजोगी आहे. १९४१ सालीं जर्मनीनें रशियावर स्वारी केली तेव्हां टी-३४ नांवाच्या रशियन रणगाड्यानें जर्मन सेनापतींना चकित केलें. त्याच्या अंगावरील पोलाद उतरत्या छपरासारखें तिरपें होतें. अशा तिरप्या पोलादावरून गोळा घसरून जाण्याचा संभव अधिक, आणि तो घसरला नाहीं तरी त्याला तिरपें भोंक पाडावयाचें म्हणजे अधिक जाडी भेदावी लागते. ह्याला तोड म्हणून जर्मनांनीं घाईनें पँथरची आंखणी केली. आरंभीं तीस-पस्तीस टनांचा गाडा करावयाचा विचार होता. मग पुढचें पोलाद ६० ऐवजीं ८० मिलिमीटर करावें असें हिटलरनें फर्माविलें, तोफही लांब व जड आली, आणि शेवटीं वजन जवळजवळ ४५ टनांवर जाऊन थांबलें. मे १९४२ मध्यें नमुना पसंत झाला आणि जानेवारी १९४३ मध्यें कारखान्यांतून गाडे बाहेर पडूं लागले. नव्या यंत्राची नीट पारख करावयास एवढा अवधि अगदींच अपुरा होता.

ह्या वाढलेल्या वजनाचा घाव कोठें पडला? इंजिनाची शक्ति प्रथम गिअरपेटींत जाते, तेथून दोन्ही बाजूंस, आणि पट्टा ओढणाऱ्या दांतेरी चाकाला मिळण्यापूर्वीं शेवटच्या एका दंतचक्रांच्या जोडींतून तिला जावें लागतें. गति कमी करून जोर वाढविणें हें ह्या शेवटच्या जोडीचें काम. ज्यांनीं उसाचा जुना लांकडी चरक पाहिला असेल त्यांना हें सहज कळेल. एका लाटेचे दांते दुसऱ्या लाटेच्या दांत्यांत अडकून ती फिरते, आणि ऊस एकदम जास्त कोंबून बैलांनीं जोर केला तर जो दांता त्या क्षणीं भार घेत असेल तोच मोडतो. हा भार एकाच दांत्यावर न पडतां अनेकांवर वांटला जावा अशी योजना करतां येते. मधल्या चक्राभोंवतीं तीनचार लहान चक्रें, आणि त्या सर्वांभोंवतीं आंतून दांते असलेलें एक मोठें कडें, अशी ती रचना असते. सूर्याभोंवतीं ग्रह फिरावे तशीं लहान चक्रें मधल्याभोंवतीं फिरतात. परंतु कड्याला आंतून दांते पाडणारीं यंत्रें जर्मनींत त्या वेळीं पुरेशीं नव्हतीं. म्हणून पँथरला साध्या सरळ दांत्यांचीं चक्रें बसविलीं. तीस-पस्तीस टनांच्या गाड्याला तीं कदाचित् पुरलीं असतीं. युद्धानंतर फ्रेंच सैन्यानें हातीं आलेले पँथर कांहीं काळ वापरले, आणि १९४७ च्या त्यांच्या अहवालांत ह्या शेवटच्या जोडीचें सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिलें आहे. पुण्याहून निघालेला गाडा मुंबईच्या वेशीशीं येतां येतां मोडावा, एवढेंच हें अंतर.

पँथरची पहिली परीक्षा जुलै १९४३ मध्यें कुर्स्कच्या लढाईंत झाली. ही चढाई मे महिन्यांतच व्हावयाची होती. ती लांबणीवर पडली त्याचें एक कारण हेंच कीं, हिटलरला नवे पँथर हाताशीं हवे होते. चिलखती सैन्याचा मुख्य निरीक्षक हाइन्झ गुडेरियन ह्यानें हे गाडे अद्याप तयार नाहींत असें बजाविलें होतें. तरी २०० पँथर आघाडीवर पाठविले. रेल्वेंतून उतरून आघाडीकडे जातांनाच दोन गाडे इंजिनास आग लागून जळाले, कारण पाण्यांतून जातां यावें म्हणून इंजिनाची खोली इतकी बंदिस्त केलेली होती कीं, गळणाऱ्या पेट्रोलची वाफ बाहेर पडेना व इंजिनाची उष्णताही आंतच कोंडे. ५ जुलैला लढाई सुरू झाली. १० जुलैच्या संध्याकाळीं आघाडीवर चालत्या स्थितींत अवघे दहा पँथर उरले. न्यायबुद्धीनें पाहतां हें सर्वच यंत्रांच्या दोषामुळें झालें नाहीं. रशियनांचे सुरुंग व तोफा ह्यांनींही मोठा वांटा उचलला. पण जो गाडा सुरुंगानें नुसता लंगडा झाला तो ओढून आणावयास साधनें नव्हतीं, आणि मोडलेले गाडे दुरुस्तीच्या रांगेंत साचत गेले.

चित्रें काढणाऱ्या मुलांसाठीं आणखी एक दोष सांगतों, कारण तो डोळ्यांनीं दिसतो. पँथरच्या तोफेच्या बुडाशीं जें गोलाकार पोलादी कवच असतें त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर आपटलेला गोळा खालीं वळून गाड्याच्या पातळ छपरांत घुसे, आणि तें छप्पर म्हणजे चालकाच्या डोक्यावरचें. सप्टेंबर १९४४ पासून कांहीं गाड्यांच्या ह्या कवचाला हनुवटीसारखी सरळ कड दिली. तेव्हांपासूनचा गाडा ओळखण्याची ती खूण होय.

डॉक्टर फर्डिनांड पोर्शे ह्यांचें नांव मोटारींमुळें सर्वांस माहीत आहे. टायगरच्या स्पर्धेंत त्यांचाही एक नमुना होता. पेट्रोलच्या इंजिनानें वीज निर्माण करावयाची आणि विजेच्या मोटारींनीं गाडा चालवावयाचा, अशी त्यांची विद्वत्ता. स्पर्धेंत तो नमुना हरला. पण निकालाची वाट न पाहतां नव्वदांवर सांगाडे आधींच तयार करण्यांत आले होते! ते वायां जाऊं नयेत म्हणून त्यांवर २०० मिलिमीटर जाडीचें पोलाद व लांब तोफ चढवून ६५ टनांचें एक वाहन बनविलें आणि त्याला पोर्शे ह्यांचेंच नांव दिलें. कुर्स्कला हीं वाहनें गेलीं तेव्हां त्यांवर एकही मशीनगन नव्हती. दूरच्या रणगाड्याला फोडणारें हें धूड जवळ आलेल्या पायदळाच्या शिपायापुढें असहाय होतें. मग मशीनगन बसविली, नांव 'हत्ती' असें बदललें, आणि १९४४ सालीं त्यांतील अकरा इटलींत धाडलीं. तेथील डोंगराळ रस्ते व अरुंद पूल ह्यांनीं त्यांची अधिकच दुर्दशा केली. मराठा पलटणींतील यशवंत घाडगे (१९४४) व नामदेव जाधव (१९४५) ह्यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला तोच हा इटलीचा मुलूख.

इतके हुशार इंजिनियर असतां असें कां व्हावें, असा प्रश्न वाचक विचारतील. आमच्या मतें हुशारी कमी नव्हती. थांबण्याची तयारी कमी होती. तोफेची लांबी व पोलादाची जाडी ह्या गोष्टी नेत्याला दाखवितां येतात, दंतचक्र दाखवितां येत नाहीं. महिन्याला किती नवे गाडे निघाले हा आंकडा हिटलर पाही. त्यांसाठीं सुटे भाग किती निघाले ह्याची तितकी चौकशी होत नसे, आणि त्यामुळें लहानशा भागाकरितां चांगले गाडे उभे राहत. पोलाद चिवट करणारा मोलिब्डेनम हा धातु दुर्मिळ होत गेला, आणि युद्धाच्या अखेरच्या काळांतील कांहीं चिलखतें गोळ्याच्या आघातानें भेगाळूं लागलीं. आणखीही एक गोष्ट विसरतां कामा नये. जर्मनीच्या युद्धसामग्रीच्या कारखान्यांत जिंकलेल्या देशांतून बळजबरीनें धरून आणलेले लाखो मजूर राबत होते, अर्धपोटीं आणि पहाऱ्याखालीं. जे गाडे त्यांच्याच देशांवर चालून जावयाचे, तेच त्यांच्या हातून करवून घेतले जात.

सर्व मिळून टायगर सुमारें १,३५० झाले, पँथर सुमारें ६,०००. अमेरिकेचे शर्मन ४९,००० च्या वर निघाले. शर्मनचें चिलखत पातळ होतें व त्यांत पुष्कळ तरुण जळून मेले हें खरें. परंतु त्याची गिअरपेटी पुढचें झांकण सोडवून काढतां येई. टायगरची काढावयाची तर तोफेसकट वरचा सारा बुरूज उचलून बाजूला ठेवावा लागे.

एवढा अनुभव गांठीं असतां १९४४ सालीं जर्मनांनीं 'किंग टायगर' काढला. वजन जवळजवळ ७० टन. इंजिन मात्र पँथरचेंच, ७०० अश्वशक्तीचें. म्हणजे पँथरमध्यें टनामागें पंधरा घोडे ओढीत होते, येथें दहा. डिसेंबर १९४४ मध्यें बेल्जममधील आर्डेनच्या अरण्यांत जी शेवटची मोठी चढाई झाली तींत कांहीं किंग टायगर एका एस्. एस्. तुकडीबरोबर होते. ह्याच तुकडीच्या लोकांनीं १७ डिसेंबरला मालमेदी गांवाजवळ शरण आलेल्या अमेरिकन शिपायांची कत्तल केली. दुसऱ्या दिवशीं त्र्वा-पोंच्या नाक्यावर अमेरिकन सैनिकांनीं पूल उडवून दिले, तुकडी आडवाटांनीं ला ग्लेझ ह्या खेड्यांत शिरली, आणि तेथें पेट्रोल संपलें. नाताळच्या आदल्या दिवशीं पहाटेच्या अंधारांत सुमारें ८०० माणसें गाडे तेथेंच टाकून बर्फांतून पायीं निघून गेलीं.

त्यांतील एक किंग टायगर, क्रमांक २१३, अद्याप त्या खेड्यांत आहे. १९४५ सालीं अमेरिकन लोक मोडके गाडे भंगारांत नेत असतां गांवांतील एका बाईनें कोन्याकची एक बाटली देऊन हा गाडा ठेवून घेतला, असें तेथें सांगतात. सत्तर टन पोलाद इतक्या स्वस्तांत दुसऱ्या कोणाला मिळालें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. हल्लीं तो तेथील संग्रहालयाच्या दारापुढें उभा असतो आणि मुलें त्याच्यासमोर उभीं राहून छायाचित्रें काढून घेतात.