वेंगुर्ल्यात जन्मलेला राजदूत आणि राजापूरचा मतदार

एका राष्ट्रातील निवडणुकीचा निकाल दुसऱ्या राष्ट्राच्या राजधानीत प्रथम दिसतो तो बहुधा दूतावासात. अमेरिकेच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट आहे. तेथे अध्यक्षाने राजदूत नेमावयाचा व सिनेटने संमती द्यावयाची, असा संविधानाचा दंडक आहे; आणि अध्यक्ष बदलला की राजकीय निवडीने नेमलेल्या राजदूतांनी राजीनामे सादर करावयाचे, असा प्रघात आहे. आपले बहुतेक दूत परराष्ट्र सेवेतून येत असल्यामुळे हा प्रकार आपणांस काहीसा चमत्कारिक वाटतो.

नोव्हेंबर १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड यांचा पराभव करून जिमी कार्टर निवडून आले. फोर्ड यांनी दिल्लीस धाडलेले राजदूत विल्यम सॅक्सबी हे रिपब्लिकन पक्षाचे माजी सिनेटर होते. कार्टर यांनी १९७७ मध्ये त्या जागी रॉबर्ट गोहीन यांना नेमले. गोहीन हे प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष व प्राचीन ग्रीक वाङ्मयाचे अभ्यासक. त्यांचा जन्म मात्र १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यास झाला; वडील तेथे मिशनचे डॉक्टर होते. वेंगुर्ले तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा पुढे १९८१ मध्ये वेगळा झाला.

मार्च १९७७ मध्ये भारतातही सत्तांतर झाले, आणि जनता सरकारने मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला यांना वॉशिंग्टनला पाठविले. एका वर्षाच्या आत दोन्ही राजधान्यांतील दूत बदलले, तेही मतपेटीमुळे.

परंतु राजदूताच्या जन्मभूमीस धोरणात किती मोल असते? तारापूरच्या अणुविद्युत् केंद्रास इंधन पुरविण्याचा करार १९६३ चा होता. १९७८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अण्वस्त्रप्रसारविरोधी कायदा केला व हा पुरवठा अडचणीत आला. सप्टेंबर १९८० मध्ये सिनेटने तो ४८ विरुद्ध ४६ अशा निसटत्या मतांनी तगविला. दूताचा स्नेह खरा असला तरी निर्णय त्या शंभर सभासदांच्या हाती होता. त्याच वर्षी कार्टर हरले, आणि गोहीन यांची कारकीर्दही संपली.

वेंगुर्ले ज्या राजापूर मतदारसंघात होते तेथील निष्ठेची चाल निराळी होती. वेंगुर्ल्यातच १९२२ मध्ये जन्मलेले नाथ पै यांस तेथील मतदारांनी १९५७, १९६२ व १९६७ मध्ये लोकसभेवर पाठविले. त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. १९७१ व १९८४ च्या काँग्रेसच्या लाटाही येथे अडल्या. मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीवर चालणारी घरे, रेल्वेची मागणी आणि उमेदवाराची साधी राहणी यांवर ही निष्ठा पोसली होती. दिल्लीतील अमेरिकन राजदूत आपल्याच गावचा, ही बाब फार तर कौतुकाची. मताशी तिचा संबंध नव्हता. १९९१ मध्ये दंडवते काँग्रेसच्या सुधीर सावंत यांच्याकडून पराभूत झाले. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूकही नव्हती.