काठावरचे मुक्काम

रसाळगडावरून महिपतगडाकडे निघालं की पायाखालची जमीन सारखी बदलत राहते. कमरेएवढ्या गवताचं पठार, मग एकदम पदरातलं दाट रान, त्यातून वर आलं की पुन्हा गवत. खेड तालुक्यातली ही रांग, तिच्या मागचं कोयनेचं जंगल आणि दक्षिणेला संगमेश्वरच्या माथ्यावरचा प्रचितगड धरला, तर रत्नागिरी जिल्ह्याच्या पूर्व कडेला गवत आणि रान असं एकमेकांना खेटून उभं आहे. गवत-रानाच्या या काठावर रात्र काढायला लोक गेली चाळीसेक वर्षं येताहेत. त्यांचे मुक्काम बदलले तसा हा काठही बदलला. माझ्या मते या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, म्हणून त्यांचा मागोवाही एकत्रच घ्यायला हवा.

१९७७ साली हरीश कापडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ आलं आणि पुढे आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’. मुंबई-पुण्याकडच्या पोरांच्या हाती वाटा आल्या. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ साल उजाडलं, तोवर सगळा भरवसा एसटीवर. रात्रभर महामार्गाची वळणं घेत पहाटे खेड गाठायचं, स्थानकावर चहा प्यायचा आणि वाडीकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघायची. संध्याकाळची मुक्कामी गाडी मिळाली तर चालक-वाहकही वाडीतच झोपायचे, आणि पाहुण्यांची ओळख करून देण्याचं काम आपसूक त्यांच्याकडे जायचं.

तंबू तेव्हा फार थोड्यांकडे होते. रसाळगडावर झोलाईचं देऊळ आणि महिपतगडावर पारेश्वराचं, हेच खरे निवारे. पंप स्टोव्ह, रॉकेलची बाटली, डाळ-तांदूळ, एक मोठं पातेलं एवढं असलं की भागत असे. पण देवळात पथारी पसरण्याआधी खालच्या वाडीत जाऊन सांगायची रीत होती. लेखी परवाना वगैरे काही नव्हता. कुणाचे, कुठले, किती जण, केव्हा उतरणार, एवढं विचारून झालं की एखादी आजी हमखास पुढे विचारायची, “जेवलाव काय?” नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं समोर यायचं. पैसे पुढे केले तर राग यायचा, म्हणून जाणती मंडळी येताना चहापूड-साखर आणि औषधाच्या गोळ्या घेऊन येत.

मुक्कामाची जागा निवडायची कला वाडीतल्या याच लोकांनी शिकवली. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, तंबू लावायचा तर कातळात खुंट्या जात नाहीत, दोर दगडांना बांधावे लागतात. दिवाळीनंतर रात्री इतकं दव पडतं की पहाटे तंबूचं कापड पिळून काढावं. झाडांच्या आत शिरलं तर दव नाही, पण गोचिडी आणि अंधार. मग वाटतं, दोन्हींच्या मधे, अगदी काठावर लावावा. नवखा तेच करतो, आणि तेच करायचं नसतं. दिवस मावळताना गवा रानातून बाहेर पडतो तो याच काठाने गवतात उतरतो. भेकर, सांबरही तिथूनच. ढोरवाटेवर ताजं शेण किंवा खुरांचे ठसे दिसले तर तिथून बरंच लांब, उंचवट्यावर सरकायचं आणि काठ मोकळा सोडायचा. मग तिन्हीसांजेला रातव्याची ठोके दिल्यासारखी हाक सुरू होते, पहाटे घळीतून शीळकरी कस्तूर शीळ घालतो, आणि पायमोज्यांत घुसलेली कुसळं काढत बसल्या बसल्या समोरचं रान जागं होताना दिसतं. एकाच जागी बसून दोन मुलूख बघायला मिळण्याचं हे भाग्य मला फार मोठं वाटतं.

सह्याद्रीच्या माथ्यावर पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. एवढ्या पावसात सगळीकडे रानच का नाही? एक कारण खडकाचं. माती जेमतेम वीतभर, पाऊस सरला की पाणी वाहून जातं, वर कड्यावरून वारा. अंजनी, जांभूळ, हिरडा ही झाडं माती साठलेल्या पदरात आणि घळीत उभी राहतात, सड्यावर गवत. पण जिथे माती बरी आहे तिथेही गवत टिकलं ते माणसांमुळे. धनगरवाड्यांची गुरं चरत, पावसाळ्यानंतर वाड्यांवरच्या बाया-पुरुष विळा घेऊन गवत कापत, काही ठिकाणी ते पेटवलंही जाई. कॅनडात मानिटोबा प्रांतातल्या रायडिंग माउंटन राष्ट्रीय उद्यानात प्रेअरीचं गवत आणि उत्तरेचं रान असंच एकमेकांना भिडतं. तिथे गवत राखलं ते बायसनच्या कळपांनी आणि आगीने. कळप गेले, आग विझवू लागले, तशी झाडं गवतात सरकू लागली. आपल्याकडे बायसनचं काम गाई-म्हशींनी केलं.

या काठावरची पहिली मोठी घडामोड १९८५ ची. त्या साली कोयना आणि चांदोली ही अभयारण्यं झाली. चांदोलीला २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आतली बरीच गावं उठली. त्यांच्या भातखाचरांवर गवत माजलं आणि त्यावर गवे-सांबर आले. चांदोलीतल्या झोळंबीच्या सड्यावर आज जे दिसतं त्यात उठलेल्या संसारांचाही वाटा आहे, हे विसरता कामा नये. ज्यांनी घरं सोडली त्यांचं देणं अजून फिटलेलं नाही.

भटक्यांच्या दृष्टीने बदल झाला तो कोयनेच्या जंगलातल्या वासोटा किल्ल्याच्या वाटेवर. बामणोलीहून लाँचने जलाशय ओलांडायचा, वासोट्यावर नाहीतर नागेश्वराच्या गुहेत रात्र काढायची आणि दुसऱ्या दिवशी खेड तालुक्यातल्या चोरवण्याला उतरायचं, ही एका पिढीची आवडती यात्रा होती. आता वासोट्याला दिवसा परवानगीने जाता येतं, मुक्काम करता येत नाही. प्रचितगडालाही शृंगारपुराकडून चढायचं तर आधी वनखात्याला विचारावं लागतं. त्यावरून जुने लोक हळहळतात. मला मात्र हा निर्णय योग्य वाटतो. २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्याने वाघ टिपला. जिथे वाघ परत येऊ पाहतोय तिथल्या रात्री त्याच्याकडेच असायला हव्यात. आता तिथे रात्री राहतात ते संरक्षण कुटीतले वनरक्षक आणि वनमजूर, आणि त्यांचे मुक्काम आमच्यापेक्षा किती तरी खडतर आहेत.

खरी काळजी आहे ती अभयारण्याच्या अलीकडची. रत्नागिरी जिल्ह्यातलं बहुतेक रान खाजगी मालकीचं, त्यामुळे तिथे वनखात्याचा हात आखडतो. मालक मुंबईला, सातबाऱ्यावर भावकीतली बरीच नावं, आणि झाडतोडीचा ठेकेदार दारात. दुसरीकडे वाड्यांतली तरुण माणसं गेली, गुरं कमी झाली, गवत कापायला कुणी उरलं नाही. न कापलेलं गवत फेब्रुवारीपासून नुसतं वाळून उभं राहतं आणि एका काडीने डोंगरचे डोंगर पेटतात. पूर्वी आग लावली तरी विझवायला वाडी धावायची. आता वणवा गवत संपवून थेट पदरातल्या रानात शिरतो आणि कोवळी रोपं, कारवी, पक्ष्यांची घरटी घेऊन जातो.

नेमक्या याच काळात मुक्कामाला येणाऱ्यांची गर्दी वाढली. तंबू स्वस्त झाले, भाड्याने मिळू लागले, गाडीरस्ते वाडीपर्यंत पोचले. करोनाच्या टाळेबंदीनंतर तर मोकळ्या हवेची अशी ओढ लागली की शनिवारी रात्री सड्यांवर तंबूंच्या रांगा दिसू लागल्या. नव्याने येणाऱ्यांचा मला आनंदच आहे. आकाशगंगा पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाचा चेहरा बघावा. पण स्पीकर, दिव्यांच्या माळा आणि वाळक्या गवतात पेटवलेली शेकोटी बघवत नाही. आयोजक परगावचा, जेवण परगावचं, कचरा तेवढा वाडीला. जुलै २०२१ च्या पावसात याच खेड तालुक्यात पोसरे इथे दरड कोसळून माणसं दगावली. तेव्हापासून डोंगरउतारावर घर असणारे पावसाच्या रात्री झोपत नाहीत, आणि ऐन पावसात तिथे मुक्कामाच्या जाहिराती लागतात.

म्हणून काठाखालच्या वाड्यांनी हे स्वतःच्या हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. देवळाची किल्ली गुरवाकडे, तशी सड्याची परवानगी वाडीच्या बैठकीत. माणशी ठरलेला आकार, जेवण वाडीतल्या बायांच्या हातचं, वाटाड्या वाडीतला. जमा रकमेतला हिस्सा पावसाळा संपताच गवत कापायला आणि जाळरेषा काढायला. जानेवारीनंतर सड्यावर शेकोटी नाही, चूल फक्त वाडीच्या अंगणात. रान विकायला निघालेल्या भावकीला हे उत्पन्न ठेकेदाराएवढं एकरकमी मिळणार नाही, हे खरंच. पण ते दरवर्षी येईल, आणि मुंबईतल्या एखाद्या मुलाला वाडीत राहायचं कारण देईल. तो राहिला तर दावणीला दोन म्हशी राहतील, आणि म्हशी राहिल्या तर सड्यावरचं गवत कापलं जाईल.