सही आपल्या गावात, कोर्ट कुठं?



हल्ली आपल्या सातारा-सांगलीकडं बचतगटांना कंपन्यांची माणसं भेटायला येतात. "आमच्या नावानं आइस्क्रीमचं दुकान काढा, मसाले विका, एवढी अनामत भरा," असं सांगतात. याला फ्रँचायझी म्हणतात. नाव आणि पद्धत कंपनीची. जागा, पैसा आणि राबणं आपलं. आज आपण त्या करारातल्या एकाच ओळीबद्दल बोलू. ती बहुधा शेवटच्या पानांवर असते : "सर्व वाद दिल्ली येथील न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात राहतील."

ही ओळ नसेल तर काय होतं? १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणं दावा दोन ठिकाणी लावता येतो. एक, ज्याच्यावर दावा लावायचा तो जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथं. दुसरं, वादाचं कारण थोडं जरी जिथं घडलं असेल तिथं. समजा, दुकान विट्यात आहे आणि खराब माल विट्यातच उतरला. मग दावा सांगली जिल्ह्यातच लावता येतो.

पण ती ओळ आली की गणित बदलतं. जयपूरच्या स्वस्तिक गॅसेस या एजन्सीचा इंडियन ऑइलशी वाद झाला होता. काम जयपूरचं, पण करारात कोलकात्याच्या न्यायालयांचं नाव होतं. "फक्त कोलकाता" असं लिहिलेलं नव्हतं, तरीही २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं कोलकात्याचंच न्यायालय मानलं. म्हणजे 'फक्त' हा शब्द नाही म्हणून आपण सुटलो, असं समजू नका.

एक मर्यादा मात्र आहे. ज्या गावाचा वादाशी काहीच संबंध नाही, तिथल्या कोर्टाला नुसत्या करारानं अधिकार मिळत नाही. पण 'लवाद' हा शब्द दिसला तर जास्त सावध राहा. लवाद म्हणजे कोर्टाऐवजी नेमलेला पंच. त्याचं ठिकाण म्हणून जे शहर लिहिलं असेल, तिथलंच कोर्ट त्यावर देखरेख करतं, मग तिथं काही घडलेलं असो वा नसो.

आता जवळच्या वाटा बघू. धंदा केवळ पोटापाण्यासाठी स्वतः चालवत असाल, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं असू शकतं. २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आपलं प्रकरण त्यात बसतं का, हे वकिलाला विचारा. आणि उघड फसवणूक असेल तर करारातली ओळ पोलीस ठाण्याचा रस्ता अडवू शकत नाही. इस्लामपूर भागात कडकनाथ कोंबडीपालनाच्या योजनेत पैसे अडकल्यावर २०१९ साली शेतकऱ्यांनी पोलिसांकडंच धाव घेतली होती.

सख्यांनो, न्याय जवळ यावा म्हणून आपल्या भागानं कितीतरी वर्षं मागणी केली. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांचा मुंबईचा हेलपाटा वाचला. एवढं जवळ आलेलं कोर्ट एका सहीनं लांब घालवायचं का? दिल्लीची एकेक तारीख म्हणजे रेल्वेचं भाडं, मुक्काम, बुडालेली मजुरी आणि घरी लेकरं.

म्हणून सहीआधी एवढं करा :

• कोर्ट आणि लवादाचं कलम मराठीत वाचून घ्या. ते गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा.
• दिल्लीऐवजी सातारा किंवा सांगली लिहायला सांगा. तोंडी कबुली चालणार नाही; दुरुस्तीवर दोघांची सही हवी.
• कराराची प्रत, पावत्या आणि फोनवरचे संदेश जपून ठेवा.
• कंपनी अडून बसली, तर अनामत भरण्याआधी तालुका विधी सेवा समितीकडं जा. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

"कागद ठरलेलाच असतो, बदलत नाही," असं सांगितलं, तर तुम्हीही सांगा, "मग आमची सहीही अजून ठरलेली नाही."